गार्गीच्या आईचे पैसे

कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
९ जून २०२४

श्रुतिका,

नावाआधी 'सौ.' लिहायचं की नाही यातच दोन कागद फुकट गेले. म्हणून नुसतं नाव लिहिलंय, राग मानू नकोस.

मी सुलक्षणा. सिद्धेशची बहीण, गार्गीची आत्या, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत तुझी नणंद. हे सगळं फोनवर लिहिता आलं असतं. पण माझा फोन गार्गीनेच लावून दिलाय आणि माझे मेसेज मला तीच वाचून दाखवते. तिच्याबद्दलच लिहायचं तर कागदच बरा. सिद्धेशला यातलं काही ठाऊक नाही. उत्तर पाठवशील तर घरी नको, मी शिकवते त्या बालवाडीच्या पत्त्यावर पाठव. पाकिटावर लिहिलाय.

मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घातले होते. ते उचलायला गार्गी ओणवी झाली आणि मला तिच्या पाठीची उजवी बाजू वर आलेली दिसली. उशीचा कोपरा असावा तशी. मी म्हटलं, सरळ उभी राहा बघू. तर एक खांदा वर, एक खाली. मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं. फोटो काढले. कणा वाकलाय, अठ्ठावीस अंश. डॉक्टर म्हणाले, तेरा वर्षांची आहे, अजून उंची वाढेल, तसा कणाही वाकत जाईल. काखेपासून कमरेपर्यंत कडक प्लॅस्टिकचा पट्टा करून घ्यायचा, ब्रेस म्हणतात त्याला. आंघोळ आणि खेळ सोडून दिवसरात्र घालायचा. उशीर केला तर पुढे ऑपरेशन.

पट्ट्याला साठ हजार. फोटो, व्यायाम वेगळे, आणि वाढत्या अंगाला वर्षभरात दुसरा. सिद्धेश म्हणतो, "बघू." तीन आठवडे झाले, बघूच चाललंय.

या घराने दोन वर्षांत तुझा एक पैसा घेतलेला नाही. मी मजल्यावर सगळ्यांना ताठ मानेने सांगते, माझा भाऊ स्वतःच्या पगारात मुलीला वाढवतो, आईने नुसतं रविवारी गाडीतून फिरवून आणायचं. तू तिला पाच हजारांचे बूट घेतेस, आणि ते घालून ती आमच्या दोन खोल्यांत येते तेव्हा कुठे काढून ठेवावेत तेही तिला कळत नाही. हे सगळं मी बोलले आहे, तुझ्या पाठीमागे. आणि आता तुझ्याचकडे मागतेय.

मला लाज वाटते. पण लाज माझी आहे, पाठ तिची आहे.

सुलक्षणा


अंधेरी (पश्चिम)
१८ जून २०२४

सुलूताई,

हाताने लिहायची सवय गेलीय, अक्षर सांभाळून घ्या.

तुमचं पत्र वाचून आधी खूप राग आला. दोन दिवस थांबले, तरी थोडा उरलाच आहे. सिद्धेशला रक्कम वाढवून हवी असेल तर त्याने मला सरळ सांगावं. तुम्हाला पुढे करायची काय गरज?

"एक पैसा घेतलेला नाही" असं तुम्ही कसं काय लिहू शकता? दर महिन्याच्या पाच तारखेला पस्तीस हजार त्याच्या खात्यात जातात. घटस्फोटाच्या कागदांत लिहिलंय, आकडा त्यानेच सांगितला होता. एक महिना चुकलेला नाही. कोविडनंतर, मी कपडे पुरवते त्या सीरियलवाल्यांनी आठ-आठ महिने बिलांचे पैसे दिले नाहीत, माझ्या कारागिरांचे पगार लांबले, पण ही रक्कम मी थांबवली नाही. मजल्यावर माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोला, पण हे तरी खरं बोला.

गार्गीच्या पाठीचं मी तीनदा वाचलं. मला कधी काही जाणवलं नाही. आम्ही भेटतो ते दुपारी चार तास, ती ढगळ टी-शर्ट घालते, मला कसं कळणार? फाईल पाठवून द्या, मी इथे अंधेरीत दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवते. ब्रेसचं बिल मी थेट हॉस्पिटलात भरीन. रोख कुणाच्या हातात देणार नाही. माझ्या वकिलांनी तसं बजावलंय, आणि तुमचं पत्र वाचून मलाही तेच बरं वाटतं.

श्रुतिका


विक्रोळी
३ जुलै २०२४

श्रुतिका,

तुझं पत्र मी बालवाडीत, मुलं खिचडी खात असताना वाचलं. पस्तीस हजारांची ओळ वाचल्यावर मी उठून आतल्या खोलीत गेले. मदतनीस बाई विचारत होती, "बाई, घरी सगळं ठीक ना?"

तू खोटं लिहितेस असं वाटलं. खरं सांगते, मला तसं वाटायला हवं होतं.

त्या शनिवारी गार्गी क्लासला गेली तेव्हा सिद्धेशला समोर बसवलं. सरळ विचारलं, श्रुतिका पैसे पाठवते? तो म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?" त्यातच उत्तर आलं. मी म्हटलं, मग साठ हजारांना बघू बघू का करतोस? कुठे घातलेस पैसे? दारू नाही, जुगार नाही, मग गेले कुठे? तो मान वर करीना. मी चढत गेले, तसा तो आमच्या घरच्या मालवणीत आला. लहानपणी मार खाताना यायचा तसा.

"घरातच गेले गो ताई. तुझ्याच हातात दिलंय."

मला काही समजेना. मग त्याने सांगितलं. त्याची खोक्यांची कंपनी मागच्या वर्षी एप्रिलात गुजरातला गेली. हातावर दोन महिन्यांचा पगार ठेवला आणि घरी बसवलं. तेव्हापासून तो सकाळी डबा घेऊन निघतो आणि भांडुपला त्याचा मित्र राजेश आहे ना, त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. मिळालं तर कुणाचं काम करतो. आणि एक तारखेऐवजी सहा तारखेला माझ्या हातात 'पगार' ठेवतो. मी म्हणायचे, बँकेला हल्ली उशीर होतो वाटतं.

ते तुझे पैसे होते. नोकरी होती तोवरचे तुझे सगळे पैसे त्याने हात न लावता ठेवले होते, कधीतरी तुला परत करीन म्हणून. तेच मोडून मोडून पगाराला भर घातली, शाळेची फी भरली. आता त्यातलं काही उरलं नाही. म्हणून बघू.

गार्गी जेवली ते ठीक, तिच्यासाठीच होते. पण सिद्धेश जेवला. मी जेवले. वर्षभर मी त्या पैशांतून बांगडा आणला, तळला आणि खाता खाता तुला नावं ठेवली. गौरीला मी नवीन साडी घेतली होती, सिद्धेशच्या बोनसमधून म्हणून. ती नेसून मी तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांना सांगितलं, बघा, नवरा सोडून गेलेल्या बाईच्या पैशाला आम्ही शिवत नाही. नवरा सोडून गेलेली म्हणजे तू.

मी त्याला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू ज्या तोंडाने तिच्याबद्दल बोलत होतीस, त्या तोंडाला काय सांगू?"

म्हणजे त्याचं खोटं मीच पोसत होते.

आता तू पैसे पाठवू नकोस. माझं मानधन आहे, दोन बांगड्या आहेत. पट्ट्याचं आम्ही करू. तुला उलट बोलायला मला तोंड राहिलेलं नाही, म्हणून एवढंच.

सुलक्षणा


अंधेरी
१० जुलै २०२४

सुलूताई,

पैसे थांबवणार नाही. पाच तारखेला पाठवले. तुम्ही बांगड्या विकायच्या आणि मी काय करायचं?

तुमचं पत्र आल्यापासून मला बसून राहवत नाहीये. कारण मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. मला काही जाणवलं नाही, असं लिहिलं होतं.

मार्चमध्ये गार्गीच्या वाढदिवसाला मी तिला एक ड्रेस शिवला. वर्कशॉपमधल्या कुणाला न देता स्वतः माप घेतलं. हिरॉइनींची मापं घेऊन घेऊन माझे हात टेपशिवाय सांगू शकतात. तिच्या डाव्या खांद्याच्या मापात आणि उजव्या खांद्याच्या मापात पाऊण इंचाचा फरक आला. पुन्हा घेतलं, तेच. ती म्हणाली, "मम्मा, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, तू वाकडी उभी राहतेस. आणि खालच्या खांद्यात पॅड भरला. आमच्या धंद्यात हेच करतात. कुणाचा खांदा उतरता असतो, कुणाची कंबर एका बाजूला असते, कॅमेऱ्याला दिसू द्यायचं नसतं. ड्रेस मस्त बसला. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

तुम्ही एकदा बघितलंत आणि तिला डॉक्टरकडे नेलंत. मी मोजलं आणि पॅड भरला. का? दुसऱ्या दिवशी एका मोठ्या मालिकेतल्या लग्नाचं शूटिंग होतं, चाळीस शालू तयार व्हायचे होते. डोक्यात एवढंच होतं.

आणि त्या पस्तीस हजारांचंही ऐका. वकिलाच्या ऑफिसात सिद्धेशला विचारलं, मुलीचा महिन्याचा खर्च किती? त्याने वहीच्या पानावर शाळा, रिक्षा, दूध, डॉक्टर असं लिहिलं आणि बेरीज करून म्हणाला, पस्तीस. त्याला वाटत होतं तो जास्तच सांगतोय, मी भांडीन. मला तेव्हाच माहीत होतं की माझ्या गाडीचा आणि ड्रायव्हरचा मिळून महिन्याचा खर्च याहून जास्त आहे. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की माझा वकील टेबलाखालून पाय मारून हसला. मी पण हसले, ताई.

२२ जुलैला मुलुंडला ब्रेससाठी गार्गीच्या अंगाचा साचा घेणार आहेत, मी तिथे फोन करून विचारलं. मी येऊ का? तुम्ही नाही म्हणालात तर येणार नाही.

श्रुतिका


विक्रोळी
२८ जुलै २०२४

श्रुतिका,

ये म्हणून मीच कळवलं होतं, तेव्हा झालं त्यातला माझा वाटा मी आधी लिहिते.

तू, मी, सिद्धेश, तिघं त्या खोलीच्या दारात उभे. आत गार्गी त्या पातळ गाऊनमध्ये, दोन्ही हात वर बांधलेल्या दांडीला धरून, अंगाभोवती ओलं प्लास्टर. साचा सुकेपर्यंत हलायचं नाही असं तिला सांगितलेलं. आणि काउंटरवरचा मुलगा बिल घेऊन आला.

सिद्धेशने राजेशकडून पैसे उसने आणले होते, ती पाकिटं त्याने पुढे केली. तू कार्ड पुढे केलंस. तो म्हणाला, "माझ्या मुलीचं मी भरीन." तू म्हणालीस, "कशातून भरशील? माझ्याच पैशांतून?" हे तू हळू म्हणालीस, पण म्हणालीस. तो ओरडला. मी कोणाला गप्प करायचं सोडून हातातली बांगडी काढून त्या पोराच्या टेबलावर ठेवली. नाटकातल्यासारखी. आता आठवलं की अंगावर काटा येतो. कॉरिडॉरमध्ये बसलेले सगळे वळून बघायला लागले. कोण किती देतं, किती दिवस देतं, आकडे आपण त्या लोकांसमोर मोठ्याने बोललो.

आतून गार्गी म्हणत होती, "दार लावा ना. कोणीतरी दार लावा ना."

आपल्यापैकी कोणीही लावलं नाही. कानावर पडूनही आपल्या डोक्यात शिरलं नाही. बाकावरची एक अनोळखी बाई, पायाला बँडेज असलेली, लंगडत उठली आणि तिने आपल्या तिघांना बाजूला सारून दार लावलं. तुझ्या लक्षात आलं का, ती जाताना आपल्याकडे बघून काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तू निघून गेल्यावरचं आता सांगते. रात्री ताट वाढलं तेव्हा सिद्धेशला वाटलं, आता सांगायलाच हवं. "बाळा, पप्पाची नोकरी..." असं त्याने सुरू केलं. ती वरणभात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहितीये पप्पा. गेल्या वर्षीपासून तुझ्या शर्टला खोक्यांच्या गोंदाचा वास येत नाही."

सिद्धेश ताटावरून उठला आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

मी तिला विचारलं, मग बोलली का नाहीस गं? तर म्हणाली, "त्याला लाज वाटली असती ना."

पंधरा महिने ते पोर बापाची लाज सांभाळत होतं. आणि आपण तिची सांभाळली नाही, एक दार लावण्याइतकीसुद्धा.

बांगडी त्या पोराने परत केली. पैसे शेवटी तुझ्या कार्डावरून गेले. तेव्हा सिद्धेशने बघूनही न बघितल्यासारखं केलं. राजेशचे पैसे तो दुसऱ्या दिवशी परत देऊन आला.

सुलक्षणा


अंधेरी
१९ सप्टेंबर २०२४

सुलूताई,

दोन महिने पत्र लिहिलं नाही. गार्गीशी फोनवर बोलते, ब्रेस घालते म्हणते, टोचतो म्हणते. रविवारी भेटली की ब्रेसवर मोठा शर्ट घालून येते आणि मी हात लावायला गेले की सरकते. मी जोर करत नाही.

त्या बाईचं लक्षात आहे. मला ती झोपेतही दिसते.

या दोन महिन्यांत मी एक काम केलं. सीएला बसवून विचारलं, मला खरं सांग, मी किती कमावते? तो गोंधळला. म्हणाला, मॅडम, कुणासाठी? बँकेसाठी, टॅक्ससाठी, की फॅमिली कोर्टासाठी? तिन्हीकडे वेगळं दाखवतात म्हणे. कागदावर माझा पगार नव्वद हजार. फ्लॅट माझ्याच फर्मचा. गाडी फर्मची. ड्रायव्हर दशरथ फर्मचा माणूस. माझं जेवणखाणसुद्धा अर्धं फर्मच्या खर्चात. ताई, कागदावर मी गरीब आहे! आणि ते कागद मी कोर्टात दिले होते. खोटं त्यात एकही नाही, सगळं कायद्यात बसवलेलं. खरी मिळकत महिन्याला सहा-सात लाख.

वकील म्हणाले, मॅडम, पन्नास करा, खूश होतील. खूश! मी त्यांना म्हटलं, मला सव्वा लाख करायचे आहेत, नवीन कागद बनवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आजारी आहे.

सिद्धेशला फोन केला. तो सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "सव्वा लाख आले तर या घरात माझं काय राहिलं गं?" आणि फोन ठेवला. तो सही करणार नाही. तुम्ही त्याला समजावाल का? मी पैशाने स्वतःला धुऊन घेतेय असं त्याला वाटतं. थोडं तसं असेलही. पण म्हणून रक्कम चुकीची होते का?

श्रुतिका


विक्रोळी
२० ऑक्टोबर २०२४

श्रुतिका,

समजावायला गेले आणि मलाच त्याचं थोडं पटलं. ऐक, रागावू नकोस.

सव्वा लाख नकोत. पस्तीसही नकोत. मी महिनाभर विचार करतेय, भाजी निवडताना, मुलांच्या चपला लावताना. पस्तीस हा आकडा सिद्धेशने आमच्या घराकडे बघून काढला होता. दूध किती, रिक्षा किती. मूल दोघांचं, पण बेरीज एकाच घराची. ते चुकलं. सव्वा लाख तू स्वतःकडे बघून काढलेस. त्या कॉरिडॉरमधल्या आपल्याकडे बघून काढलेस. त्यातही गार्गी नाही.

मला वाटतं असं विचारावं: ती तुझ्याजवळ राहिली असती, तर महिन्याला तिच्यावर तुझ्या हातून सहज किती खर्च झाला असता? शाळा, कपडे, डॉक्टर, तिची वेगळी खोली, सुट्टीत कुठे नेणं. तेवढं दे. दया म्हणून एक रुपया वर नको आणि सीएच्या हुशारीने एक रुपया खाली नको. तेवढ्यात आम्हीही जेवू, ते काही चुकणार नाही. मुलगी ज्या घरात राहते तिथे दिवा तिच्यापुरता वेगळा लावता येत नाही. पण सिद्धेशचं आणि माझं पोट तुझ्यावर नको.

मजल्यावर मी सांगून टाकलं. कोजागिरीला दूध आटवायला सगळ्या जमल्या होत्या, तेव्हा म्हटलं, दीड वर्ष गार्गीच्या आईच्या पैशांवर आमचं घर चाललंय, मी तुम्हाला खोटं सांगत होते. परब वहिनींनी माझ्याकडे न बघता साखर मागितली. घरी आल्यावर मी रडले, पण बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

सिद्धेशला नोकरी लागली आहे. मुलुंड चेकनाक्यापलीकडे गोदामात, चोवीस हजार. पूर्वी त्याच्या हाताखाली होता तो ओजस नावाचा मुलगा आता त्याचा साहेब आहे. पहिल्या दिवशी घरी आला तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. पण पगार झाला त्या दिवशी एक तारीख होती. त्याने पाकीट माझ्या हातात न देता गार्गीपुढे ठेवलं आणि म्हणाला, "यातले पाच हजार तुझे, दर महिन्याला. हे कागदावर यायला पाहिजेत." मी म्हटलं, अरे, कायद्याने तुझा हिस्सा तू तिला सांभाळतोस त्यातच धरतात. तर म्हणतो, "धरू देत. माका तो आकडो लिवलेलो व्हयो." तुला मालवणी कळते, सांगायला नको.

तेव्हा कागद करशील तर दोन आकड्यांचा कर. तो सही करील.

सुलूताई


अंधेरी
१५ डिसेंबर २०२४

सुलूताई,

शुक्रवारी तुम्ही कोर्टात आला नाहीत, बालवाडीची सहल होती म्हणून. म्हणून लिहिते.

तुमचा प्रश्न मी आठवडाभर घेऊन बसले. ती माझ्याकडे असती तर काय काय झालं असतं, ते विचार करणं सोपं नव्हतं. शाळेत कोणी सोडलं असतं, ताप आल्यावर कोण जागलं असतं. बऱ्याच ठिकाणी उत्तर 'मी' नव्हतं, 'बाई ठेवली असती' होतं. शेवटी नव्वद हजारांवर आले, आणि पाठीचा सगळा खर्च वेगळा, मी थेट भरायचा. दरवर्षी माझ्या खऱ्या मिळकतीप्रमाणे पुन्हा बघायचं, हेही लिहून घेतलं. पैसे गार्गीच्या नावाच्या खात्यात, चालवणार तुम्ही. सिद्धेशनेच तुमचं नाव सुचवलं.

वकिलांनी विचारलं, हे पाच हजार कशाला लिहायचे? नव्वदपुढे ते विचित्र दिसतात. सिद्धेश बांद्र्याच्या त्या गर्दीत गोदामाच्या शर्टात उभा होता, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेला. त्याचे कान लाल झाले. मी म्हटलं, लिहा. आणि त्यांचा आकडा आधी लिहा. वकिलांनी लिहिला. सिद्धेशने सही केली आणि पेन मला दिलं. बाहेर चहा घेशील का असं मी विचारलं, तर म्हणाला, "नको, दोनला पोचायचंय." पण मग थांबला आणि म्हणाला, "तिची पाठ अठ्ठाविसावरच आहे. वाढली नाही. डॉक्टर म्हणाले चांगलं आहे." मला ते तुमच्याकडून आधीच कळलं होतं. तरी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

काल गार्गी पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली. तुम्ही पाठवलीत, हे मी विसरणार नाही. रात्री जेवलो, टीव्ही बघितला, ती तिच्या खोलीत गेली. सकाळी आंघोळ झाल्यावर बराच वेळ बाहेर येईना. मी दाराशी गेले. विचारलं, काही हवंय का? आतून म्हणाली, "आत्या रोज मागून बंद करते. माझा हात पोचत नाही."

मी म्हटलं, "मी येऊ?"

मग कडी काढल्याचा आवाज आला.

ती पाठमोरी उभी होती, आत पातळ बनियन, अंगावर तो ब्रेस उघडा. तिची पाठ मी जुलैनंतर पहिल्यांदा पाहिली. काखेखाली घासून घासून लाल चट्टा पडलाय. मी आत गेल्यावर ती म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं. मग ब्रेसचे मागचे पट्टे हातात घेतले, पण कुठला आधी ओढायचा ते कळेना. लोकांच्या अंगावर हजारो हुक लावलेत मी. ती आरशात बघत नव्हती, खाली बघत होती. मी एक पट्टा ओढला. ती म्हणाली, "अजून. खूण आहे ना पेनने, तिथपर्यंत." मी म्हटलं, दुखेल गं. ती म्हणाली, "दुखतं. ओढ."

मी खुणेपर्यंत ओढला. मग दुसरा. मग तिसरा.

तुमची,
श्रुतिका